रोबो रिव्हर्स घेतो कसा?

एक गंमत सांगू? खेळातल्या रोबोचा मेंदू असतो हुशार, पण अंगात ताकद अगदी चिमूटभर!

हा मेंदू म्हणजे आर्डुइनो ऊनोसारखं एक छोटं सर्किट बोर्ड. त्याच्या एका पिनमधून साधारण २० मिलिअँपिअर वीज घेता येते. तेवढ्यात काय होतं? एक चिमुकला एलईडी दिवा लागतो. बस्स! आणि चाकाची ती पिवळी बीओ मोटर? तिला नुसतं फिरायलाच शंभर-दोनशे मिलिअँपिअर लागतात. चाक अडकलं, तर त्याच्या कितीतरी पट! थेट पिनला जोडली, तर पिनच जळायची!

मग करायचं काय? स्वयंपाकघरातला नळ आठव. गच्चीवरच्या टाकीत केवढं पाणी! पण ते सोडायला तुझा इवलासा हात पुरतो. विजेचाही असाच नळ आहे. त्याचं नाव ट्रान्झिस्टर! १९४७ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तो जन्मला. बॅटरी म्हणजे टाकी. पिन फक्त नळ उघडते!

आता ओळख बघू! मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली, की ती उलटी फिरते. पण रोबो धावत असताना वायरी बदलणार कोण?

कुणीच नाही! त्यासाठी लागतात चार नळ. मोटरच्या डाव्या टोकाला दोन, उजव्या टोकाला दोन. वरचे दोन बॅटरीच्या अधिक टोकाशी, खालचे दोन उणे टोकाशी. डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा खालचा उघड. वीज मोटरमधून डावीकडून उजवीकडे जाते. ते बंद करून उरलेले दोन उघड. वीज उलट दिशेने, मोटरही उलटी! वायरीला हातसुद्धा न लावता! कागदावर हे चित्र इंग्रजी एच अक्षरासारखं दिसतं, म्हणून हा ‘एच-ब्रिज’.

पण जपून हं! एकाच बाजूचे दोन्ही नळ एकदम उघडले, तर वीज मोटरला टाळून धो धो खाली. शॉर्टसर्किट!

आणि वेग कमी करायला नळ अर्धाच उघडायचा? छे! पूर्ण उघड, पूर्ण बंद, पूर्ण उघड... सेकंदाला सुमारे ४९० वेळा! नळ जास्त वेळ उघडा, तर चाक जोरात. कमी वेळ उघडा, तर हळू.

हे चार नळ बाजारात एकाच चिपमध्ये मिळतात. एल२९३डी चिपमध्ये तर दोन मोटरींची सोय! प्रत्येकीला ६०० मिलिअँपिअर. एल२९८एन आणखी दणकट, २ अँपिअरची. मग तीच घ्यायची ना?

थांब! ती खादाड आहे. जोरात वीज वाहताना २ व्होल्ट किंवा त्याहून जास्त ती स्वतःच खाते आणि गरम होते. चार सेलच्या ६ व्होल्टांतून मोटरला उरतात जेमतेम ४! टीबी६६१२ ही इवलीशी चिप १.२ अँपिअर देते आणि खाते अगदी थोडं.

म्हणून दुकानात जाण्याआधी मोटरची माहिती वाच. चाक अडकल्यावर ती किती वीज ओढते, ते बघ. चिप त्याला पुरेल अशीच निवड.

आता एक कोडं. खालचे दोनच नळ उघडे ठेवले, तर धावणाऱ्या रोबोचं काय होईल? त्याला चक्क ब्रेक लागतो! फिरती मोटर स्वतःच वीज तयार करते आणि तीच वीज तिला अडवते!