पंचवटीतील विसरलेला पृषत

नाशिकच्या पंचवटीचे नाव घेतले की मृगयेचा एकच प्रसंग आपल्या मनात उभा राहतो. सुवर्णमृग येतो, सीता त्याच्यासाठी हट्ट धरते, राम त्याच्या मागे जातो, आणि शेवटी तो मृग नसून मारीच राक्षस होता असे उघड होते. या मृगयेत रामाच्या हाती काहीच लागले नाही अशी सर्वसाधारण समजूत आहे. वाल्मीकींच्या ग्रंथात मात्र हकीगत थोडी निराळी आहे. मारीचाला मारल्यानंतर रामाने आणखी एक मृग मारला आणि त्याचे मांस घेऊन तो त्वरेने जनस्थानाकडे निघाला, असे अरण्यकांडाच्या प्रचलित पाठातील ४४ व्या सर्गाच्या अखेरीस एकाच श्लोकात सांगितले आहे. हा दुसरा मृग खराखुरा होता. गोदातीरावरील यशस्वी मृगया म्हणावयाची तर ती हीच. परंतु कीर्तनात, चित्रात किंवा स्थलकथेत तिचा मागमूसही आढळत नाही. प्रस्तुत लेखात या उपेक्षित मृगाचा विचार करावयाचा आहे.

हा श्लोक मागाहून कोणी घुसडला असावा, अशी शंका प्रथम मनात येते. बडोद्याच्या प्राच्यविद्यामंदिराने १९६० ते १९७५ या काळात रामायणाची चिकित्सित आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्या संपादकांनी निरनिराळ्या प्रांतांतील हस्तलिखिते ताडून पाहून पुष्कळ श्लोक तळटीपांत उतरविले आहेत. हा श्लोक मात्र त्यांनी मूळ संहितेत ठेवला आहे. तेव्हा हा पाठ जुना व सार्वत्रिक आहे, असे धरून चालण्यास हरकत नाही.

या श्लोकाचे मर्म कळण्यासाठी वनवासातील पहिल्या मृगयेकडे पाहिले पाहिजे. गुहाचा निरोप घेऊन राम, सीता व लक्ष्मण गंगा उतरले, त्या दिवशीची ही गोष्ट. सुमंत्र मागे राहिला, रथ मागे राहिला आणि राजवाड्यातील अन्न त्याच्याही आधी मागे पडले. अयोध्याकांडाच्या ५२ व्या सर्गाच्या शेवटी कवी सांगतो की, भुकेलेल्या त्या दोघा भावांनी चार मोठे प्राणी मारले, त्यांतील भक्षणास योग्य असा भाग घेतला आणि रात्रीच्या मुक्कामासाठी ते एका वृक्षाकडे गेले. त्या चारांची नावेही दिलेली आहेत : वराह, ऋश्य, पृषत आणि महारुरु. राजपुत्राची मृगया ही आजवर करमणूक होती. येथे ती प्रथमच पोटासाठी झाली. हा बदल कवीने कोणतेही भाष्य न करता, केवळ 'भुकेलेले' या विशेषणाने सुचविला आहे. पुढे चित्रकूटावर पर्णशाळेच्या वास्तुशांतीसाठी लक्ष्मण कृष्णमृग मारतो. तेथे मृगयेचे कारण धार्मिक आहे आणि प्राणीही वेगळा आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. कवीला 'हरिण' ही एकच मोघम जात माहीत नव्हती. कृष्णमृग म्हणजे आपले काळवीट. त्याचे अजिन यज्ञकर्मात पवित्र मानलेले. रुरु आणि ऋश्य कोणते यांविषयी विद्वानांत एकमत नाही, तो वाद येथे नको. पृषताविषयी मात्र शंकेला फारशी जागा नाही. 'पृषत्' म्हणजे थेंब, ठिपका. ज्याच्या अंगावर ठिपके आहेत तो पृषत, म्हणजे चितळ. मराठीतील 'चितळ' हा शब्दही 'चित्र' याच अर्थाच्या कुळातला आहे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने पाहता काळवीट व चितळ ही दोन वेगळी कुळे होत. काळविटाची शिंगे पिळदार, बिनफांदीची व कायमची असतात. चितळाची शिंगे फांद्यांची असून ती ठराविक काळाने गळतात व पुन्हा उगवतात. आपल्या बोलीत दोघांनाही हरिण म्हणतात, त्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो.

आता मारीचाने घेतलेले रूप पाहू. कवीने त्याच्या अंगावर रत्नांची खैरात केली आहे. शिंगांची टोके रत्नासारखी, खूर वैडूर्यासारखे, मुखाचा काही भाग तांबडा तर काही काळसर. रत्ने बाजूला ठेवली तर उरतात ते शेकडो रुपेरी ठिपके. शिवाय ४४ व्या सर्गातील त्या श्लोकात 'दुसरा पृषत' मारला असे शब्द आहेत. दुसरा, म्हणजे पहिलाही पृषतच होता, असा अर्थ त्यातून सहज निघतो. मारीच हा सोन्याचा मुलामा दिलेला चितळ होता, असे म्हटले तर ते मूळ ग्रंथाला सोडून होणार नाही.

मृगयेचे वर्णनही लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. मायामृग कधी दिसतो, कधी दडतो, आणि रामाला आश्रमापासून दूर ओढून नेतो. राम दमून एका झाडाच्या सावलीत हिरवळीवर थांबतो. तेवढ्यात तोच मृग इतर वन्य मृगांच्या मेळ्यात वावरताना जवळच दृष्टीस पडतो. हा तपशील चितळाच्या स्वभावाला पूर्ण जुळणारा आहे : चितळ कळप करून राहतो, झाडी आणि गवत यांच्या सीमेवर चरतो, आणि पाण्यापासून फार दूर जात नाही. ज्याने ही मृगया रचली त्याने, किंवा त्याच्या आधीच्या कोणीतरी, असा कळप प्रत्यक्ष पाहिला असावा. बाण लागताच मारीच ताडाएवढी उडी घेऊन कोसळतो, रामाच्या आवाजात सीतेला व लक्ष्मणाला हाका मारतो, आणि मरतो. रामाच्या मनात भय दाटते. त्यानंतर लगेच दुसऱ्या पृषताचा श्लोक येतो. तो त्या कळपातलाच होता असे कवी म्हणत नाही. पण कळप जवळ होता हे त्याने आधीच सांगून ठेवले आहे.

भय वाटत असताना रामाने शिकारीत वेळ का घालवावा, असा आक्षेप घेता येईल, आणि तो अगदीच वावगा नाही. मला वाटते, याचे उत्तर गंगेपलीकडच्या त्या पहिल्या रात्रीत आहे. वनवासी कुटुंबाला रोजचे अन्न रोज मिळवावे लागते. सोन्याचे कातडे मिळाले काय किंवा न मिळाले काय, घरी रिकाम्या हाताने जाऊन चालत नाही. पहिल्या मृगयेतील चार प्राण्यांत पृषत होता, आणि सीताहरणापूर्वीच्या शेवटच्या मृगयेतही पृषतच आहे.

स्थलकथांचा प्रवाह मात्र निराळ्या दिशेने वाहिलेला दिसतो. नाशिकच्या पूर्वेस, सरळ रेषेत पस्तीस-चाळीस किलोमीटरांवर, निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी नांदूर मध्यमेश्वर आहे. १९०७ ते १९११ या काळात तेथे बंधारा झाला. पुढे त्याच्या जलाशयावर पक्षी येऊ लागले, १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. याच ठिकाणी मृगव्याधेश्वराचे देऊळ आहे, आणि रामाने मारीचाला येथेच मारले असे तेथे सांगतात. आणखी खाली गोदावरी-प्रवरा संगमावर कायगाव आणि टोके ही गावे आहेत. मारीचाची काया पडली ते कायगाव, अशी व्युत्पत्ती तिकडे सांगितली जाते. टोक्याचे नावही याच कथेशी जोडतात. नाशिकपासून हे स्थळ सव्वाशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. मारीचाची हाक पंचवटीत सीतेला ऐकू गेली हे कथेतच आहे. तेव्हा त्याच्या कंठाचे बळ फारच मोठे मानावे लागेल! तेलंगणातील भद्राचलमजवळच्या पर्णशाला गावीही पंचवटीचा दावा आहेच. आणि ह. धी. सांकळिया यांनी १९७३ साली रामायणावरील आपल्या इंग्रजी पुस्तकात लंकाच मध्य भारतात असावी असे प्रतिपादन केले. तसे मानले तर या सर्वच स्थळांचा पाया डळमळतो. स्थलनिर्णयाचा हा प्रश्न मी सोडवू पाहत नाही.

मृगव्याधेश्वर या नावाविषयी मात्र दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण हे नाव रामकथेवर अवलंबून नाही. ऐतरेय ब्राह्मणात प्रजापती ऋश्याचे रूप घेऊन रोहिणीरूप कन्येच्या मागे लागतो. देव त्याला दंड करण्यासाठी एक उग्र देव निर्माण करतात आणि तो प्रजापतीला बाणाने विंधतो. विंधलेला प्रजापती वर उडाला, तो आकाशातील मृग नक्षत्र. विंधणारा तो मृगव्याध. आणि मृगाच्या पोटातील तीन तारे म्हणजे तो बाण. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली वेदांच्या काळाविषयीच्या आपल्या ग्रंथात याच मृगशीर्षाचा आधार घेतला, हे वाचकांस ठाऊक आहेच. महाभारतात अकरा रुद्रांची नावे आहेत, त्यांतही मृगव्याध आहे. म्हणजे मृगव्याध हे शिवाचेच जुने नाव. शिवाच्या देवळाला मृगव्याधेश्वर म्हणण्यास रामाची गरज नव्हती. माझा तर्क असा की, देवाचे नाव आधीचे असावे. रामकथेने भारलेल्या या प्रदेशात त्या नावाचा अर्थ पुढे मारीचाच्या वधाशी जुळविला गेला असावा. हा तर्कच आहे. देवळाचा एखादा जुना लेख मिळाला तरच निर्णय होईल. तरीही विंधलेला मृग उसळून वर जातो ही कल्पना दोन्ही कथांत असावी, याचे नवल वाटते.

प्राण्याच्या बाजूने पाहिले तर स्थलकथा उलट्या दिशेने गेल्या आहेत. नाशिक जिल्ह्यात पश्चिमेकडे इगतपुरीच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; पूर्वेकडे येवल्यास तो पाचशेच्या आसपास येतो. येवला तालुक्यात ममदापूर-राजापूरच्या माळरानावर काळवीट आजही आहेत, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्यांची शिकार हा गुन्हा आहे. तो माळ काळविटाचा. चितळाला झाडी आणि ओल हवी, म्हणून त्याचा शोध घ्यावयाचा तर नाशिकच्या पश्चिमेस, त्र्यंबकाच्या बाजूस घेणे अधिक सयुक्तिक. दोन हजार वर्षांपूर्वी अरण्ये अधिक पसरलेली असणार हे मान्य करूनही हा फरक लक्षात ठेवावा.

गोदाकाठी मृगया होत होती याला काव्याखेरीज दुसरे पुरावेही आहेत. गंगापूरजवळ सांकळियांना सापडलेल्या अश्मयुगीन हत्यारांवरील ग्रंथ १९५२ मध्ये निघाला. त्यांनी व शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये केलेल्या उत्खननात नाशिकची वस्ती ताम्रपाषाणयुगापर्यंत मागे गेली. भीमेच्या खोऱ्यातील इनामगाव येथे पाळीव जनावरांबरोबर हरिणांची हाडे मिळाली, आणि अखेरच्या काळात, शेती खालावल्यावर, लोक शिकारीवर अधिक विसंबू लागले असे उत्खनकांचे मत आहे. हालाच्या गाथासप्तशतीत तर व्याध आणि त्याची बायको वारंवार भेटतात. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये तिची मराठी आवृत्ती काढली. तीत एक गाथा अशी आहे की, हरिणाचे जोडपे एकमेकांना वाचविण्यासाठी आळीपाळीने बाणासमोर येते आणि व्याधाच्या हातून आसवांनी भिजलेले धनुष्य गळून पडते. शिकारी आणि हरिण यांचे हे नाते मारीचाच्या कथेत नाही, कारण तेथे हरिणच खोटे आहे.

मांसाहाराच्या उल्लेखाने पुढील काळातील श्रोत्यांना संकोच वाटू लागला असावा. दुसरा पृषत विस्मृतीत जाण्याचे ते एक कारण होय. कथेच्या दृष्टीने दुसरे कारण अधिक बलवत्तर आहे : मायामृगासमोर साधा मृग कोणाच्या लक्षात राहणार? मराठी लोकपरंपरेत सीतेला सुवर्णमृगाच्या कातड्याची चोळी हवी असते. वाल्मीकींची सीता तो मृग जिवंत सापडला तर अयोध्येला नेऊ म्हणते. नाहीतर त्याचे कातडे बसावयास पसरण्यासाठी मागते. मांसाचा विषय ती त्या वेळी काढत नाही. तो ती पुढे काढते. यतिवेषातील रावण दारी आला असता, थोडे थांबा, माझे पती पुष्कळसे वन्य अन्न घेऊन येतील, असे ती त्याला सांगते. प्रचलित पाठात रुरु, घोरपड व वराह यांच्या मांसाचा स्पष्ट उल्लेखही तिच्या तोंडी आहे. त्याच सुमारास राम पृषताचे मांस घेऊन जनस्थानाच्या वाटेवर होता. अतिथीला दिलेले वचन खरे होते. पुढे वाटेत राम लक्ष्मणाला भेटतो, दोघे रिकाम्या आश्रमात येतात, आणि त्या मांसाचे काय झाले याविषयी कवी एक अक्षरही लिहीत नाही.