डिझेल पिकअपचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह : खर्चापूर्वीं परीक्षा

फुलंब्री तालुक्यांतील आलें जाधववाडीच्या बाजारांत पहांटे पोंचवावयाचें म्हणजे चौक्याचा घाट आडवा येतो. आमचे एक चुलतबंधु मुलांच्या शिक्षणाकरितां छत्रपति संभाजीनगरांत पुंडलिकनगर येथें बिऱ्हाड करून राहतात. शेती गांवीं, घर शहरांत, आणि या दोहोंना जोडणारी त्यांची डिझेल पिकअप. गेल्या हंगामांत ही गाडी घाटांत धापा टाकूं लागली. जो चढ ती पूर्वीं भरल्या मालानिशीं तिसऱ्या गिअरवर चढे, तो दुसऱ्यावरही जड जाऊं लागला. सकाळीं इंजिन सुरू केलें कीं चार-पांच मिनिटें लंगडे, पांढरा धूर सोडी, आणि गरम झाल्यावर कांहींसें सांवरे. आल्याचा भाव उतरतीस लागलेला, माल काढून ठेवलेला. अशा वेळीं मिस्त्री जें सांगेल त्याला मनुष्य मान डोलावतो. बंधूंनींही डोलावली. दोन ठिकाणीं पैसे खर्चूनही दोष होता तेथेंच राहिला. आमच्या मंडळाच्या पुष्कळ सभासदांच्या दारांत अशाच गाड्या उभ्या असल्यामुळें तो प्रकार येथें सविस्तर देत आहों.

पहिला घोटाळा नांवाचा झाला. ‘एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह गेला आहे’ असें ऐकलें कीं ‘कोणता?’ असें लागलेंच विचारावें, कारण या एका नांवाखालीं दोन अगदीं निराळ्या वस्तु येतात. एक व्हॉल्व्ह सिलिंडरच्या माथ्यावर, म्हणजे हेडांत, बसलेला असतो व जळलेला वायु बाहेर सोडतो. विहिरीवरच्या एका सिलिंडरच्या इंजिनांतही तोच असल्यामुळें तो आपल्या ओळखीचा आहे. दुसरा म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह. हा बाहेर चाललेल्या धुराचा थोडा भाग पुन्हा आंत येणाऱ्या हवेंत मिसळतो, जेणेंकरून ज्वलनाची उष्णता उतरून नायट्रोजनचे अपायकारक वायु कमी निपजावेत. भारत स्टेज ४ चे नियम १ एप्रिल २०१७ पासून व स्टेज ६ चे १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. त्या काळांतील डिझेल पिकअपमध्यें हा बहुधा असतोच.

या दोहोंचीं लक्षणें कान देऊन ऐकणाऱ्यास वेगळीं कळतात. ईजीआर काजळीनें उघडा अडकला तर चारही सिलिंडर सारखेच गुदमरतात, धूर काळा येतो, ओढ कमी होते. पण इंजिनाची लय सहसा मोडत नाहीं. हेडांतील व्हॉल्व्ह गळूं लागला तर एकच सिलिंडर मागें पडतो व चालण्यांत ठेंच लागते. मिस्त्री यालाच ‘मिसिंग’ म्हणतात. नांगराचे चारही बैल अर्धपोटीं असणें निराळें आणि चौघांतील एकाचा पाय दुखावलेला असणें निराळें. दाब पुरेसा न झाल्यानें त्या सिलिंडरांतील हवा तापत नाहीं, डिझेल जळल्याशिवाय वाफेसारखें बाहेर पडतें, आणि थंड इंजिनाचा पांढरा धूर दिसतो तो हाच. असें असतां पहिल्या ठिकाणीं बंधूंचा ईजीआर साफ करून दिला, दुसऱ्या ठिकाणीं नोझल बदलले, आणि तिसऱ्या ठिकाणीं ‘सगळें इंजिन उघडावें लागेल’ म्हणून ८५ हजारांचा आंकडा सांगितला. तपासणी मात्र कोणीच केली नव्हती. एकानें तर ईजीआरवर पत्रा ठोकून तो कायमचा बंद करण्याचा सल्ला दिला. तो कोणींही मानूं नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वयें गाडीच्या मूळ रचनेंत असा फेरफार करतां येत नाहीं, आणि येथें तर त्यानें दुखणेंही गेलें नसतें.

खरी परीक्षा साधी आहे. प्रथम लंगडा सिलिंडर शोधावयाचा. जुन्या पंपाच्या इंजिनांत नोझलच्या नळीचा नट किंचित् सैल करून एकेक सिलिंडर बंद पाडीत. ज्याच्या बंद पडण्यानें आवाजांत फरक पडत नाहीं तो दोषी. कॉमन रेलच्या गाडीवर मात्र हा प्रयोग कदापि करूं नये. तिच्या नळ्यांतील दाब दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोंहून अधिक असूं शकतो, आणि त्या दाबानें उडालेलें डिझेल कातडी भेदून आंत शिरतें. जखम सुईच्या टोंचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गांठावें लागतें. अशा गाडीचे सिलिंडर स्कॅनरनें एकेक बंद करून पाहतात. मग दाब मोजणें आलें. बंधूंच्या गाडींत तीन सिलिंडरांचा दाब २८ किलोंच्या आसपास भरला, तिसऱ्याचा १७.

एवढ्यानें दोष कोणाचा हें ठरत नाहीं, कारण दाब चार वाटांनीं निसटूं शकतो. म्हणून त्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या फेऱ्यांत अगदीं वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतांना, नोझलच्या किंवा ग्लो प्लगच्या छिद्रांतून कॉम्प्रेसरची हवा आंत सोडतात. इंजिन या हवेनें फिरूं पाहतें, म्हणून गाडी गिअरमध्यें व हँडब्रेकवर ठेवावी, चाकांना ओट लावावी व पट्ट्यापाशीं हात नेऊं नये. मग नुसतें ऐकावयाचें. हवा सायलेन्सरांतून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एअर क्लीनरांतून आली तर आंत हवा घेणारा व्हॉल्व्ह. ऑईल भरण्याच्या तोंडांतून जोराची आली तर रिंगा. रेडिएटरांत बुडबुडे उठले तर बहुधा गास्केट, नाहींतर हेडाला चीर. बंधूंच्या गाडीच्या सायलेन्सराशीं कान नेला तेव्हां शिट्टीसारखा आवाज स्पष्ट येत होता. अर्ध्या तासाचें हें काम.

हेड उतरल्यावर त्या व्हॉल्व्हच्या कडेला करवतीचा दांता निघावा तशी जळकी खांच दिसली. ती कां पडली हें समजून घेण्यासारखें आहे. इंजिनाचे मिनिटाला ३००० फेरे होत असतां हा व्हॉल्व्ह १५०० वेळां उघडतो व तितक्याच वेळां तापलेल्या वायूच्या झोतांत सांपडतो. शेजारच्या व्हॉल्व्हला ताज्या हवेचा गारवा मिळतो; याला तो नाहीं. मिटून सीटवर टेंकतो तेवढ्या क्षणांतच याची बहुतेक उष्णता हेडांत व तेथून पाण्यांत उतरते. वापरानें व्हॉल्व्ह सीटमध्यें रुततो, त्याची दांडी वर सरकते आणि रॉकरशीं असलेली फट कमी होते. फट संपली कीं तो पुरता मिटत नाहीं, टेंकत नाहीं म्हणून थंड होत नाहीं, आणि जळतो. म्हणून टॅपेटचा आवाज वाढला तर आपण घाबरतों, पण तो आपोआप नाहींसा झाला तर अधिक घाबरावें. ही गाडी चालविणारा आमचा पुतण्या तीन महिन्यांपूर्वीं मोठ्या आनंदानें सांगत होता कीं इंजिन आतां अगदीं गुपचूप चालतें!

दुसरें कारण पाण्याचें निघालें. रेडिएटरांत वर्षानुवर्षें विहिरीचें जड पाणी ओतलेलें. हेडाच्या पोकळींत क्षारांचा जाड पापुद्रा धरला होता, त्यामुळें सीटची उष्णता पाण्यापर्यंत पोंचतच नव्हती. शुद्ध पाणी व कूलंट यांचा खर्च त्या एका व्हॉल्व्हच्या दुरुस्तीपुढें कांहींच नाहीं.

एक व्हॉल्व्ह नवा घातला, सीट कापून घेतली, आठही व्हॉल्व्ह पेस्टनें घोटून बसविले. घोटल्यावर हेड उलटें करून व्हॉल्व्हच्या मागच्या पोकळींत रॉकेल ओतलें व थेंब झिरपत नाहीं हें पाहिलें. ही परीक्षा आपल्या डोळ्यांदेखत करवून घ्यावी. हेडाची सपाटी सरळ पट्टीनें तपासली, गास्केट नवें घातलें, बोल्ट मधल्यापासून बाहेर पुस्तकांतील क्रमानें आंवळले. फटीचें माप प्रत्येक इंजिनाचें निराळें असतें, इंजिन थंड असतां घ्यावें कीं गरम हेंही पुस्तकांतच पाहावें. कांहीं इंजिनांत तर हायड्रॉलिक टॅपेट असल्यामुळें तें लावावेंच लागत नाहीं. आमच्या येथील जुन्या धाटणीच्या इंजिनांत चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम डोलूं लागले कीं पहिल्याची फट पत्तीनें मोजतात, पहिल्याचे डोलले कीं चौथ्याची. दुसऱ्या-तिसऱ्याचीही तशीच जोडी. सर्व मिळून सांगितलेल्या आंकड्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी खर्च आला.

हजार किलोमीटर झाल्यावर फट पुन्हा मोजली. तिसऱ्याच्या एक्झॉस्टची थोडी कमी भरली होती, ती लावून घेतली. नंतरच्या खेपेला वीस गोण्या आलें घेऊन गाडी चौक्याच्या घाटांत तिसऱ्या गिअरवर चढली. टॅपेटची बारीक टिकटिक आतां पुन्हा ऐकूं येते, आणि पुतण्यानें पहिल्याच दिवशीं तिची तक्रार केली.