सकाळी शस्त्रक्रिया, संध्याकाळी घरी

शस्त्रक्रिया म्हटली की रुग्णालयात डबा पोचवणे आणि खाटेशेजारी रात्री जागवणे असेच चित्र तुमच्या डोळ्यांपुढे येत असेल. पण स्तनाच्या कर्करोगाची रुग्ण सकाळी शस्त्रक्रियेला जाते आणि संध्याकाळी घरी परतते, असे सांगितले तर? अमेरिकेत उत्तर कॅलिफोर्नियातील कैसर परमनंटे या संस्थेच्या रुग्णालयांनी २०१७ साली ही पद्धत नेटाने रुजवली. तिथे संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांपैकीही निम्म्याहून अधिक जणी त्याच दिवशी घरी जाऊ लागल्या. आणि त्यामुळे तातडीने परत धाव घ्यावी लागणाऱ्यांची संख्या काही वाढली नाही.

हे साधले, कारण मुळात जखमच लहान झाली. १८८२ साली विल्यम हॉलस्टेड यांनी सुरू केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील लसीका ग्रंथी, सारेच काढून टाकीत. जितके जास्त कापावे तितका रोग दूर, हा समज सुमारे ९० वर्षे टिकला! अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बेर्तो वेरोनेसी यांनी तो शेकडो रुग्णांवर तपासून पाहिला. रोग लवकर ध्यानात आला असेल, तर फक्त गाठ काढून किरणोपचार दिलेल्या स्त्रिया संपूर्ण स्तन काढलेल्यांइतक्याच जगतात, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या २० वर्षांच्या निरीक्षणांतून दिसले.

उरला काखेचा प्रश्न. आणि इथे आपले पदार्थविज्ञान कामाला आले. कर्करोगाच्या पेशी पसरताना बहुधा प्रथम काखेतील ग्रंथींत शिरतात. या ग्रंथी २०-३० असतात. त्या सरसकट काढल्या, तर लसीका हा द्रव वाहून नेणारे मार्ग तुटतात आणि हात सुजू शकतो, कधी कधी जन्मभर. मग भरलेली कळशी उचलणेही जड! पण स्तनाकडून येणारा द्रव ज्या ग्रंथीत सर्वांत आधी पोचतो, ती ओळखता आली तर? हा वेशीवरचा पहारेकरी. तो सुखरूप असेल, तर शत्रू गावात शिरला नसण्याचाच संभव फार. मग बाकीच्या ग्रंथींना हात लावायचे कारण नाही.

तिला शोधण्यासाठी टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य अत्यल्प प्रमाणात टोचतात. (हे मूलद्रव्य १९३७ साली सापडले ते खाणीत नव्हे, तर सायक्लोट्रॉनमध्ये वापरलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात!) ते लसीकेबरोबर वाहत जाऊन पहारेकरी ग्रंथीत अडकते. शल्यविशारद जाड पेनासारखा गॅमा-शोधक काखेवरून फिरवतो. त्याच्याभोवती जड धातूचे वेष्टन असल्याने तो समोरून येणारे किरणच मोजतो. ग्रंथी नेमकी समोर आली की यंत्राचा आवाज वाढतो. डेव्हिड क्राग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही युक्ती १९९३ साली प्रसिद्ध केली. या टेक्नेशियमचे अर्धायुष्य ६ तास. सकाळी ८ वाजता टोचले, तर रात्री ८ वाजता किती उरेल? एक-चतुर्थांश. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ वाजता किती, ते तुम्हीच काढा.

आता भूलही लवकर उतरणारी मिळते. संपूर्ण स्तन काढला असेल, तर जखमेतून एक नळी बाहेर काढून तिला प्लास्टिकचा फुगा जोडतात. फुगा दाबून बूच लावले की तो पूर्ववत होऊ पाहतो, आतला दाब घटतो आणि जखमेतील द्रव त्यात ओढला जातो. तुमच्या प्रयोगशाळेतला ड्रॉपरच की! रोज किती मिलिलिटर द्रव जमला, ते घरच्यांनी लिहून ठेवायचे. हे शस्त्रक्रियेआधीच शिकवतात, आणि मला तरी ही शिकवणी यंत्राइतकीच मोलाची वाटते.

जिला हृदयविकार आहे, किंवा रात्री जिच्या सोबतीला घरी कोणी नाही, तिला मात्र रुग्णालयात ठेवून घेतात.