नकाशावरचा हिरवा चौकोन

येवल्यात पाहुणे आले की त्यांना पैठणीच्या मागावर न्यायचे, ही जुनी रीत. हल्ली पैठणी झाली की प्लॉट दाखवायला नेतात. गावाभोवतीच्या शेतांचे चौकोन पडू लागले आहेत. आमचे पुण्याचे मेहुणे आले, की विंचूर चौफुलीवर उतरल्याबरोबर 'भाव काय चाललाय?' हे आधी विचारतात. बहिणीची खुशाली मागाहून!

प्लॉटचे रंगीत नकाशे मी आवडीने वाचतो. ललित वाङ्मय शिकवणाऱ्याला ते वर्ज्य का असावे? प्रत्येक नकाशात एक हिरवा चौकोन असतो. त्यात कारंजे, दोन झोपाळे आणि हातात हात घालून फिरणारे जोडपे. प्रत्यक्ष जागेवर गेलात, तर खडीचा ढीग आणि वेडी बाभूळ.

हा चौकोन म्हणजे मालकाचे औदार्य, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. राज्यात डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे एकरभर किंवा त्याहून मोठ्या जमिनीची आखणी करताना दहा टक्के जागा रहिवाशांसाठी मोकळी सोडावीच लागते. पाच एकरांत वीस गुंठे झाले. त्यावर थोडेसे बांधकाम चालते. पण 'थोडेसे' हा शब्द आपल्याकडे फार लवचिक! आधी ओटा होतो, ओट्यावर पत्रे येतात, पत्र्याखाली लग्ने लागू लागतात. मग मुले खेळतात कुठे? रस्त्यावर, ट्रॅक्टर चुकवीत.

मुंबईला हे शहाणपण प्लेगने शिकवले. १८९६ साली साथ आली, १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि दाटीतून माणसे बाहेर काढण्यासाठी दादर-माटुंग्याची आखणी झाली. तिथल्या फाइव्ह गार्डन्स आजही हिरव्या आहेत. शिवाजी पार्क १९२५ साली खुले झाले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. १९२७ साली अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने आजचे नाव मिळाले. त्या मैदानाएवढ्या जमिनीचा आज भाव काढायचा म्हटले तर आमच्या मेहुण्यांनाही घाम फुटेल.

जागा राखण्यासाठी मात्र भांडावे लागते. बंगलोरच्या एका वसाहतीत उद्यानासाठी ठेवलेली जागा खाजगी रुग्णालयाला दिली गेली. रहिवासी कोर्टात गेले, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती देणगी रद्द ठरवली. रुग्णालय काही वाईट गोष्ट नव्हे, बरे का! पण उद्यानाची जागा उद्यानाचीच.

आता आमच्या येवल्याचे. तालुका अवर्षणाचा, उन्हाळ्यात पूर्व भागात टँकरची वाट पाहावी लागते. अशा गावी हिरवळीचा गालिचा म्हणजे शुद्ध चैन. कडुनिंब लावावा, चिंच लावावी, पहिली दोन-तीन वर्षे घरटी एक बादली पाणी घालावे. भोवती मुरमाची पायवाट काढावी. वीस गुंठ्यांच्या चौरस जागेत सहा फेऱ्यांना किलोमीटरभर चालणे होते. डॉक्टरांनी 'चाला' म्हणून सांगितलेल्या आजीबाईंना हमरस्त्याच्या कडेने, मालमोटारींचा धूर खात चालावे लागू नये, एवढे तरी आपण करू शकतो की नाही? संक्रांतीचे तीन दिवस आमची पोरे आसारी घेऊन गच्च्यांवर असतात. पतंगाला आभाळ मिळते. पण वर्षाचे उरलेले दिवस त्यांना जमीन लागते.

म्हणून वाचकहो, या दिवाळीत कुठे इसार देणार असाल, तर रंगीत नकाशा बाजूला ठेवा. नगरपरिषदेत जाऊन मंजूर आराखडा मागा, त्यातली खुली जागा शोधा, आणि सौभाग्यवतींना घेऊन तिथे जाऊन उभे राहा. चारी बाजू पावलांनी मोजा. आधीच कुणी कुंपण घातले असेल, तर पिशवीतले पैसे पिशवीतच राहू द्या.