रायफलीचे वंगण

बेळगावास मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे आणि इंदूरजवळच्या महूस, म्हणजे आजच्या डॉ. आंबेडकर नगरास, इन्फन्ट्री स्कूल आहे. त्यामुळे आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी एखादे काका वा मामा फौजेतून निवृत्त होऊन आलेले असतात. त्यांना रायफलीच्या तेलाविषयी सहज विचारून पाहावे. अर्धा तास कसा गेला ते कळणार नाही. विषय वरवर क्षुल्लक वाटतो. पण त्यापायी माणसे प्राणास मुकली आहेत.

१९६२ च्या युद्धात आपल्या जवानांच्या हाती .३०३ रायफल होती. तिचा खटका प्रत्येक गोळीमागे हाताने मागे ओढावा लागे. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यातून ७.६२ मिलिमीटरची एस. एल. आर. आली आणि १९९० च्या दशकात इन्सास येईपर्यंत तिने सेवा बजावली. या अर्धस्वयंचलित रायफलीत गोळी सुटताच दारूच्या वायूचा काही अंश पिस्टनला मागे रेटतो. रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे आत बसते. जे काम पूर्वी मनगटाचे होते ते आता यंत्राचे झाले. आणि यंत्र म्हटले की घर्षण आले, काजळी आली, वंगणही आले.

वंगण कोणते, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पाऊस, थंडी आणि धूळ या तिघांची मागणी निरनिराळी असते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांजवळ गॅरंड नावाची रायफल होती. मुसळधार पावसात तिचे तेल धुपून जाई आणि खटक्याची फिरती खाच कोरडी पडून रायफल अडे. त्यावर उपाय म्हणून तेलाऐवजी पाण्याला दाद न देणारे ग्रीस आले, आणि त्याची इवलीशी डबी दस्त्याच्या पोकळीत ठेवण्याची सोय झाली. पुढे १९५० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात कोरियातील चोसिन सरोवरापाशी पारा शून्याखाली तीस अंशांच्या आसपास उतरला. तेथे जाड वंगण थिजून शस्त्रे मंदावली. अशा ठिकाणी अगदी पातळ तेलाचा नुसता हात फिरवावा लागतो. वाळवंटात तर जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रणच. तेल आणि वाळू मिळून जो लगदा होतो तो पॉलिश कागदासारखा धातू खातो.

सर्वांत कटू कहाणी व्हिएतनाममधील आहे. १९६५ नंतर तेथे अमेरिकन जवानांना एम-१६ ही हलकी रायफल देण्यात आली. हिला साफसफाई फारशी लागत नाही असा समज पसरला होता, आणि सफाईचे साहित्यही पुरेसे पोचले नव्हते. त्यातच काडतुसातील दारू बदलली गेली. नव्या दारूने काजळी वाढली आणि यंत्राचा वेगही वाढला. चेंबरला क्रोमचा मुलामा नसल्याने जंगलातील दमट हवेत आत गंजाचे खड्डे पडले, आणि रिकामे काडतूस तेथेच रुतून बसू लागले. ऐन चकमकीत, नळीत तोंडाकडून गज घालून काडतूस बाहेर ढकलण्याची पाळी आली. कित्येक जवान अडलेली रायफल हाती घेऊनच मेले. अमेरिकन संसदेच्या इकॉर्ड उपसमितीने १९६७ साली याची चौकशी करून कडक ताशेरे ओढले. त्यानंतर क्रोमचे चेंबर आले, सफाईचे संच आले. १९६८ साली तर विल आइस्नर या चित्रकाराकडून देखभालीची चित्रकथाच काढवून घेतली गेली. आमच्या मते यात तेलाचा दोष थोडा आणि 'देखभाल लागत नाही' या समजुतीचा फार.

तेल म्हणजे सफाई नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायनामुळे नळीत एक प्रकारचा क्षार उरतो. पावसाळ्यात बरणीतील मिठाला पाणी सुटते ते प्रत्येक गृहिणीने पाहिले आहे. हा क्षारही तसाच ओलावा ओढून पोलाद गंजवतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून .३०३ च्या काळी नळीतून प्रथम उकळते पाणी ओतीत, मग चिंधीने कोरडी करीत, आणि मगच तेल लावीत. जर्मनीत १९०४ साली निघालेले बॅलिस्टॉल पाण्यात दुधासारखे मिसळते, ते या कामी उपयोगी पडले. १९८० च्या सुमारास अमेरिकन सैन्याने सफाई, वंगण आणि गंजरोध ही तिन्ही कामे करणारे एकच द्रव्य पत्करले. सोय मोठी खरी. पण जाड थर चढलेल्या काजळीला ब्रशच लागतो.

घरातील खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल चालेल का, असा प्रश्न निघतोच. चालणार नाही. खाद्यतेल हवेत चिकट होते, आणि खोबरेल तर चोवीस अंशांखाली गोठते, हे ग्वाल्हेरच्या थंडीत राहणाऱ्यांस सांगणे नको. शिवणयंत्राचे पातळ खनिज तेल त्यापेक्षा बरे, परंतु ते लवकर उडते.

तेल कोठे लावू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. एस. एल. आर.चा पिस्टन आणि त्याची नळी कोरडीच ठेवतात. तेथील तेल उष्णतेने जळून कडक काजळी होते. एम-१६ मध्ये वायू थेट खटक्याच्या पेटीतच येत असल्याने तिचा खटका मात्र ओलसरच लागतो. चेंबरमध्ये तेल राहिले तर काडतूस भिंतींना धरून राहत नाही आणि सारा धक्का खटक्यावर येतो. म्हणून गोळीबारापूर्वी नळी आणि चेंबर पुसून कोरडे करतात. हे सर्व अर्थातच मॅगझिन काढून, चेंबर रिकामे असल्याचे डोळ्यांनी आणि बोटाने पाहून झाल्यावर. मॅगझिनही कोरडे पुसावे, कारण पातळ तेल काडतुसाच्या टोपीत झिरपले तर ती पेटत नाही.