वाट, वाहन आणि पोहोच : वाहतूक नियोजनाच्या उच्च शिक्षणाची ओळख

1901 साली बालवयातील भीमराव आपले बंधू व घरातील इतर मुलांसह साताऱ्याहून रेल्वेने मसूर स्थानकावर उतरले. वडील, रामजी सुभेदार, गोरेगाव येथे नोकरीस होते. मुलांचे पत्र त्यांना वेळेवर न मिळाल्याने न्यायला कोणी आले नव्हते. स्थानकाबाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, मुलांजवळ भाड्याचे पैसे होते, गोरेगावची वाटही होती. तथापि जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन, गाडी मुलांनीच हाकावी व आपण शेजारून चालावे, या अटीवर एकजण राजी झाला. पुढे 1929 साली, बॅरिस्टर आणि सरकारी समितीचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांना न्यायला चाळीसगावचा टांगेवाला तयार झाला नाही. वस्तीतील बांधवांनी टांगा भाड्याने घेतला व त्यांच्यापैकीच एका अननुभवी माणसाने तो हाकला. टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने आम्ही हे प्रसंग अस्पृश्यतेचे दाखले म्हणून अनेकदा शिकविले. परंतु त्यांत आणखी एक सत्य आहे. वाट असणे, वाहन असणे आणि माणसाने इच्छित स्थळी पोहोचणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. यांतील तिसऱ्या गोष्टीला, म्हणजे पोहोचीला, केंद्रस्थानी ठेवणारी एक विद्याशाखा आज जगभर शिकविली जाते. वाहतूक नियोजन व शाश्वत प्रवास हे तिचे क्षेत्र. आपल्या समाजात तिची माहिती फारच थोड्यांना आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

या शास्त्राची प्रचलित पद्धत 1950 च्या दशकात अमेरिकेतील डेट्रॉइट व शिकागो या शहरांच्या अभ्यासातून घडली. तिच्या चार पायऱ्या आहेत : एखाद्या भागातून किती प्रवास निर्माण होतात, ते कोठून कोठे होतात, कोणत्या साधनाने होतात आणि कोणत्या रस्त्याने होतात. या उत्तरांवरून वीस वर्षांनंतरची गर्दी अजमावली जाते आणि त्यानुसार रस्ते, पूल व गाड्यांची आखणी होते. मात्र ही पद्धत प्रामुख्याने मोटारी डोळ्यांपुढे ठेवून घडली. रस्ता रुंद केला की नव्या गाड्या त्यावर येतात आणि कोंडी परत उभी राहते, हे कालांतराने ध्यानात आले. म्हणून आता अभ्यासकांचा भर पायी चालणे, सायकल आणि सार्वजनिक बस यांच्याकडे वळला आहे. भारत सरकारच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानेही वाहनांऐवजी माणसांची ने-आण हे सूत्र स्वीकारले.

आपल्या देशात रस्त्यावर कोण असते? 2011 च्या जनगणनेत शेतीबाहेरील कामगारांना कामावर कसे जाता, असे विचारले गेले. शंभरांत बावीसहून अधिक पायी जात होते, तेरा सायकलने, अकरा बसने. मोटारीने जाणारे तीनही नव्हते. आणि रस्त्यावर कोण मरते? केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांपैकी 32,825 पादचारी होती. पदपथ नसलेला रस्ता बांधणे हाही एक निर्णय असतो आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे या आकड्यांतून दिसते.

संशोधनाने काय साधते, याचे एक उदाहरण पाहू. बिहार सरकारने 2006 साली नववीतील मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास आरंभ केला. योजनेचा परिणाम खरोखर किती झाला, हे कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तपासले. मुलींचे शिक्षण तसेही वाढतच होते, मग सायकलीचे श्रेय किती? त्यासाठी त्यांनी बिहारच्या मुलींची तुलना तेथील मुलांशी आणि ही योजना नसलेल्या शेजारच्या झारखंडशी केली. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी 32 टक्क्यांनी वाढली आणि मुलामुलींतील तफावत 40 टक्क्यांनी घटली. शाळा तीन किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत हा लाभ विशेष होता. शाळा त्याच, शिक्षक तेच. कमी झाले ते केवळ अंतर. आमच्यासारख्या शिक्षकांनी या निष्कर्षापाशी क्षणभर थांबले पाहिजे. हुशार मुलगी शाळा सोडते तेव्हा आपण तिच्या घराला दोष देतो. एसटीचे वेळापत्रक मात्र पाहत नाही.

हा विषय शिकण्यासाठी अभियंताच असावे लागते असे नाही. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये वाहतूक नियोजनाची पदव्युत्तर पदवी आहे. मुंबईच्या आयआयटीत आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत स्थापत्य अभियंत्यांसाठी वाहतूक अभियांत्रिकीचे एम.टेक. असून त्याच्या प्रवेशासाठी गेट परीक्षा द्यावी लागते. नियोजनाच्या काही अभ्यासक्रमांना भूगोल, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र या विषयांचे विद्यार्थीही पात्र ठरतात. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाची परिवहन अभ्यास संस्था या क्षेत्रात नामांकित असून तेथील पूर्णवेळ एम.एस्सी. एका वर्षाची असते. खर्च मोठा आहे, परंतु अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न, वय, गुण आणि विद्यापीठाचा जागतिक क्रम यांच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचाव्यात. जातीचे व उत्पन्नाचे दाखले पदवीच्या वर्षातच तयार ठेवावेत. गुणवत्ता असूनही कागदाअभावी संधी हुकू नये.

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले आणि त्यांनी अर्थशास्त्र अभ्यासले. राज्यकारभाराचे निर्णय ज्या विद्येच्या भाषेत होतात ती विद्या आपल्याला अवगत असली पाहिजे. आज कोणत्या वस्तीला बस मिळावी, उड्डाणपूल कोणासाठी व्हावा, हे निर्णय वाहतूक नियोजनाच्या भाषेत होतात. त्या टेबलापाशी बसची वाट पाहण्यात बालपण गेलेला माणूस क्वचितच असतो.

आपले हे निवासी विद्यालय तरी कशासाठी उभे राहिले? गावापासून शाळा दूर होती, म्हणून मुलांनाच शाळेपाशी आणून ठेवावे लागले. येथील प्रत्येक विद्यार्थ्याने अंतराचा हिशोब स्वतःच्या आयुष्यात मांडला आहे. माजी विद्यार्थी व पालक बंधुभगिनींना आमची विनंती एवढीच, की बारावीनंतरच्या वाटा मुलांना सांगताना डॉक्टर, अभियंता, अधिकारी यांच्या जोडीने या वाटेचाही उल्लेख करावा. ज्यांना गाडी नाकारली गेली, त्यांच्या लेकरांनी गाड्यांचे मार्ग आखावेत, यात इतिहासाचा न्याय आहे.