मंगल परिणयाचा कॅमेरा : पाऊण लाखाचा की तीन लाखांचा?

धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम आटोपला होता. उल्हासनगरच्या आमच्या विहारात आम्ही चार-पाच जण सतरंज्या गुंडाळीत होतो. तेवढ्यात अंबरनाथहून आलेला एक तरुण पुढे झाला. "जयभीम काका. एक सही पाहिजे होती." हातात पतपेढीच्या कर्जाचा अर्ज. रक्कम तीन लाख रुपये. कारण, व्यवसायासाठी कॅमेरा. जामीनदाराच्या रकान्यात माझे नाव त्याने आधीच पेन्सिलीने लिहून ठेवले होते.

मुलगा गुणी. एमआयडीसीतल्या कारखान्यात कंत्राटी नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी एका फोटोग्राफरच्या हाताखाली मंगल परिणय, नामकरण, पुण्यानुमोदन अशा कार्यक्रमांना लाईट धरायला जातो. वडील नाहीत. आई घरी शिलाईकाम करते. सही करायला माझी ना नव्हती; पण मी पडलो बी.कॉम. झालेला कारकून. आकडा दिसला की त्याच्याखाली रेघ मारून बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. म्हटले, "अरे, तीन लाखांचाच का? याचा कोणी धाकटा भाऊ नाही का?"

"आहे ना काका. पण तो हातात बघून लोक ऑर्डर देत नाहीत."

आपल्या कितीतरी तरुणांना हीच भीती कर्जात लोटते. म्हणून या दोन भावांची हकीकत जरा तपशिलाने सांगतो. मी छायाचित्रकार नव्हे. विहाराच्या कार्यक्रमांचे फोटो गेली पंधरा वर्षे काढतो, एवढाच माझा अधिकार.

पूर्वीच्या डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरसा असे. बटण दाबले की तो वर उचलला जाई आणि मग चित्र उमटे. आताच्या मिररलेस कॅमेऱ्यात हा आरसाच काढून टाकला आहे. सेन्सरवर पडणारे चित्र आपल्याला सरळ पडद्यावर किंवा डोळ्याच्या भिंगात दिसते. फोटो उजळ येणार की काळवंडणार हे बटण दाबण्यापूर्वीच कळते. नवशिक्याला याचा फार उपयोग. बॅटरी मात्र लवकर संपते.

मुलाच्या मनात होता तो कॅननचा आर ६ मार्क २, हा २०२२ साली आला. धाकटा म्हणजे त्याच कंपनीचा आर ५०, हा २०२३ चा. यांच्यानंतर आणखीही मॉडेले आली, पण तुलना समजून घ्यायला ही जोडी चांगली. धाकटा त्याच्या छोट्या लेन्ससह पाऊण लाखाच्या आसपास पडतो. थोरल्याची नुसती बॉडीच दोन लाखांच्या पुढे, आणि बरी लेन्स धरली की तीन लाखांचा आकडा जवळ येतो. किमती खालीवर होत असतात, दुकानात विचारून घ्यावे.

आता गंमत पाहा. मेगापिक्सेल दोघांचे सारखेच, २४.२. डोळा हेरून त्यावर फोकस धरण्याची सोय दोघांतही आहे. मग इतके पैसे कशाचे? मुख्य फरक सेन्सरच्या आकाराचा. थोरल्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, धाकट्याचा साधारण २२.३ बाय १४.९. गुणाकार केला तर थोरल्याचे क्षेत्रफळ सुमारे २.६ पट भरते. म्हणजे कमी उजेडात तेवढा जास्त प्रकाश तो गोळा करतो आणि चित्रात दाणे कमी येतात. आपले बहुतेक कार्यक्रम ट्यूबलाईटच्या उजेडात आणि मेणबत्त्यांच्या साक्षीने होतात, तेव्हा हा मुद्दा साधा नाही. मुलाचे म्हणणे इथपर्यंत बरोबरच होते.

पण हिशोब इथे थांबत नाही. धाकट्याबरोबर मिळणारी १८-४५ ची लेन्स पुढे नेली की तिचे तोंड एफ ६.३ एवढेच उघडते. त्याच कंपनीची ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स पंधरा-वीस हजारांच्या दरम्यान मिळते. ६.३ ला १.८ ने भागा आणि वर्ग करा. सुमारे १२ पट जास्त प्रकाश! सेन्सरचे २.६ पट कुठे आणि लेन्सचे १२ पट कुठे! इतकेच काय, थोरल्याला एफ ४ ची लेन्स लावून दोघांना समोरासमोर उभे केले, तरी ही छोटी लेन्स लावलेला धाकटा कागदावर पुढे निघतो. तीच लेन्स थोरल्याला लावली तर तो पुन्हा पुढे जाणार, हेही खरे. आणि धाकट्यावर ही लेन्स ८० मिलिमीटरसारखी दिसते, त्यामुळे आपल्या अरुंद विहारात सगळ्या गोतावळ्याचा फोटो तिने निघत नाही. त्यासाठी पुन्हा जुनी लेन्स आणि फ्लॅश.

कागदावरच्या हिशोबावर विसंबू नये म्हणून आम्ही थोरला एक दिवस भाड्याने आणला आणि धाकटा मुलाच्या मित्राकडून मागून घेतला. सकाळी अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. तिथला शिलालेख इ.स. १०६० चा. भक्तिभावाने नव्हे, बाहेरच्या भिंतीवरचे कोरीव काम उन्हात पाहावे म्हणून गेलो होतो. संध्याकाळी विहारात मुलाच्या आईला मेणबत्ती लावताना टिपले. दोन्हींचे बारा बाय अठराचे प्रिंट काढून वहिनींपुढे ठेवले. उन्हातले फोटो त्यांना ओळखता आले नाहीत, मलाही आले नाहीत. विहारातल्या, जुन्याच लेन्सने काढलेल्या फोटोत मात्र त्यांनी धाकट्याच्या फोटोवर बोट ठेवले : "हा जरा रवाळ वाटतो." नंतर १.८ ची लेन्स लावून काढलेला दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, "यात मी बरी दिसते."

थोरल्याचे इतर गुणही सांगितले पाहिजेत. त्याच्या अंगातच हाताचा कंप शोषून घेणारी यंत्रणा आहे, ती धाकट्यात नाही. पण मूर्ती किंवा इमारत स्थिर असते, माणसे हलतात, आणि हलणाऱ्या माणसाला ही यंत्रणा थांबवू शकत नाही. पाण्याच्या शिंतोड्यांपासून त्याला थोडेफार संरक्षण आहे. बदलापूरच्या पावसात जयंतीची किंवा मोर्चाची छायाचित्रे काढणाऱ्याला याचे मोल कळेल. वजन मात्र बॅटरी-कार्डासह ६७० ग्रॅम, धाकट्याचे ३७५. कर्जत लोकलच्या गर्दीत छातीशी धरून उभे राहायचे असेल तर हाही विचार करावा. चित्रीकरण धाकटा एका दमात एक तासच करतो, थोरला सहा तासांपर्यंत. आपल्या काही वक्त्यांना एक तास पुरत नाही हे मान्य, पण टाळ्या पडल्या की पुन्हा बटण दाबता येते.

एक गोष्ट मात्र अशी आहे की तिच्यापुढे मी गप्प झालो. थोरल्यात दोन कार्डे बसतात आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर एकदम उतरवता येतो. धाकट्यात कार्ड एकच. माझ्या भाचीच्या मंगल परिणयात छायाचित्रकाराचे ते एकुलते एक कार्ड बिघडले. वधू-वरांनी त्रिसरण-पंचशील ग्रहण केले, माझ्या आईने थरथरत्या हाताने दोघांवर फुले टाकली. त्यातले एकही चित्र हाती आले नाही. पैसे परत मिळाले. आई पुढच्या पावसाळ्यात गेली. २६ जुलै २००५ च्या पुरात वालधुनीकाठच्या कितीतरी घरांतले अल्बम चिखलात गेले, तेव्हाही लोक भांड्यांसाठी रडले नाहीत एवढे फोटोंसाठी रडले. आपल्या आजी-आजोबांचे फोटो आधीच किती कमी! तेव्हा एका कार्डावर विसंबून लोकांचे लग्न अंगावर घेणे ही जोखीमच आहे. तिच्यावर उपाय आहे, तो पुढे येईल.

आता कर्ज. तीन लाख, ३६ हप्ते, घटत्या शिलकीवर १४ टक्के व्याज धरले तर हप्ता सुमारे १०,२५० रुपये. तीन वर्षांत भरायचे ३ लाख ६९ हजार. नुसते व्याजच ६९ हजार, म्हणजे धाकट्याच्या किमतीच्या जवळपास! शिवाय पावसाळ्यात लग्ने कमी, हप्ता मात्र बारमाही. उलट धाकटा, १.८ ची लेन्स, जादा बॅटरी, चार चांगली कार्डे, एक फ्लॅश आणि भाषणासाठी माइक हे सव्वा लाखाच्या आत बसते. एखादे मोठे काम आले तर थोरला त्या दिवसापुरता भाड्याने आणावा. महिन्यातून चार-पाच वेळा भाडे भरायची पाळी येऊ लागली, की समजावे आता विकत घ्यायची वेळ झाली. फ्लॅश घेताना मात्र तो कॅमेऱ्यावर लावून पाहावा. काही लहान कॅमेऱ्यांवर जुने फ्लॅश थेट चालत नाहीत.

"बिल नको असेल तर कमी करतो," असे सांगणारे दुकानदार भेटतातच. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्के झाला, तोही चुकवण्याचा मोह होतो. पण बिल नसेल तर वॉरंटी नाही, विमा नाही आणि लोकलमध्ये चोरी झाली तर पोलिसांपुढे दाखवायला कागद नाही.

आणखी एक गोष्ट कोणत्याच कॅमेऱ्याबरोबर मिळत नाही. आपले वधू-वर पांढऱ्या वस्त्रांत असतात. चौकटभर पांढरे दिसले की कॅमेरा पुष्कळदा फसतो, उजेड जास्त आहे असे समजून चित्र गडद करतो आणि माणसांचे चेहरे काळवंडतात. मग कॉम्प्युटरवर ते चेहरे असे धुऊन काढतात की अल्बममधली नवरी तिच्या आईलाही ओळखू येऊ नये. मला याची चीड आहे. आपला रंग आपला आहे, तो लपवायला कोणी सांगितले? चेहऱ्यावरचा उजेड पाहून एक्स्पोजर थोडे वाढवावे, पण साडीची नक्षी उडणार नाही इतपतच. ही चूक थोरलाही करतो आणि धाकटाही, आणि सुधारायला दोघांवरही एकच चकती फिरवावी लागते.

वहिनींनी मला विचारले होते, "भाऊजी, यात पोट भरंल का त्याचं?" मी त्यांना सुधारक ओलवे यांचे नाव सांगितले. मुंबईच्या सफाई कामगारांचे जिणे त्यांनी छायाचित्रांतून जगापुढे आणले, २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जवळच्या कल्याणात विजय सुरवाडे यांनी बाबासाहेबांची छायाचित्रे नि कागदपत्रे वर्षानुवर्षे जमवली, तेही सांगितले. आणि मुलाला नामदेवराव व्हटकरांची गोष्ट सांगितली. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा या माणसाने पदरमोड करून तिचे चित्रीकरण केले. तो जनसागर आज आपण पाहतो तो त्यांच्यामुळे. मुलगा म्हणाला, "म्हणजे त्यांनीपण कर्जच काढलं असेल ना काका?" मी म्हटले, "काढलं असेल तर त्या दिवसासाठी, लोकांनी हातातला कॅमेरा बघावा म्हणून नव्हे." यावर तो हसला, पण पटले की नाही ते कळेना. आठ दिवसांनी नवा अर्ज घेऊन आला. रक्कम ऐंशी हजार, बाकीची त्याची शिल्लक. मी शाईने सही केली.

त्याचे पहिले स्वतंत्र काम बदलापूरला होते, ओळखीच्यांकडचे मंगल परिणय. मीही निमंत्रित होतो. कॅमेरा केवढा आहे हे कोणी पाहिले असेल तर वराच्या मामाने, "एवढासाच?" असे तो एकदा म्हणाला आणि जेवायला गेला. विधी पुरा झाला, टाळ्या झाल्या. त्याबरोबर मुलाने बाजूला येऊन कॅमेऱ्यातले कार्ड काढले, दुसरे घातले आणि पहिले एका डबीत घालून माझ्या शर्टाच्या खिशात टाकले. हे आम्ही आधीच ठरवले होते : विधीचे कार्ड वेगळे, जेवणावळीचे वेगळे, आणि दोन्ही एका माणसाजवळ ठेवायची नाहीत. रात्री लोकलला गर्दी होती. बदलापूर ते उल्हासनगर मी एका हाताने कडी धरली होती, दुसरा खिशावर होता.